पावणेदोन लाखांचं मशीन आणि आठवड्याचे चार तास

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या मनीषनगरातले एक वाचक, वय ३९, मिहानमध्ये नोकरी. पत्नी शिक्षिका, मुलगी सातवीत. १९९९ साली काकांच्या कॉम्प्युटरवर पहिला गेम खेळले, तेव्हापासून रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, सोडून दुसऱ्या कशात मन रमलं नाही. धाकटा भाऊ शेजारी बसून दोनशे पानी वहीत नकाशे काढायचा. तो आता पुण्यात असतो. सध्याचं मशीन २०१६ मध्ये असेंबल केलेलं आहे: आय५-६५०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, साधी हार्ड डिस्क, २२ इंची फुल एचडी मॉनिटर. 'बाल्डर्स गेट ३' तिसऱ्या अंकात शहरात पोचल्यावर अडकायला लागला, तो तिथेच सुटला. नंतर सेलमध्ये नऊ गेम घेतले, एकही पुरा झाला नाही. खेळायला वेळ मिळतो तो शनिवारी रात्री दोन तास आणि रविवारी दुपारी दोन तास. बर्डीवरच्या एका दुकानदारानं आरटीएक्स ५०७० टीआय हे नवं ग्राफिक्स कार्ड घातलेल्या मशीनचं १,७६,५०० रुपयांचं कोटेशन दिलंय, मॉनिटर सोडून, अठरा महिन्यांच्या हप्त्यांवर. पत्नीनं एवढंच विचारलं, "पण खेळता कधी?" या वाचकांचं ठाम मत असं, की २००५ नंतर खरा आरपीजी झालाच नाही, सगळा नुसता चकचकाट. त्यांचा प्रश्न: मशीन घेऊ की नको? आणि घेतलं तर जुन्याचं काय करू?

नमस्कार दादा,

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्ण तुमच्या बाजूची होते. दुसऱ्यांदा वाचताना एक गंमत दिसली. पान एकवर तुम्ही म्हणता, २००५ नंतरचे गेम म्हणजे चकचकाट. पान तीनवर तोच चकचकाट नीट दिसावा म्हणून पावणेदोन लाख मोजायला निघालात. 'मॉरोविंड' आणि पहिला 'फॉलआउट' हे जुने गेम तर तुमच्या आत्ताच्या मशीनवर झोपेत चालतील. मग हे नवं कार्ड कोणासाठी?

चिडवत नाहीये. मी स्वतः हा प्रकार केलाय, तोही दोनदा, म्हणून खूण ओळखू आली.

आधी तुमच्या मताकडे येते, कारण मशीनचा प्रश्न त्यातूनच सुटणार आहे. जुने आरपीजी चांगले होते असं म्हणताना आपण नेमकं काय आठवतो? तुम्ही 'मॉरोविंड'चं उदाहरण दिलंय, तेच घेऊ. २००२ चा गेम. नकाशावर बाण नाही. जहाजातून उतरायचं, बालमोरा गावी जायचं, एका माणसाला शोधायचं आणि हे सगळं लोकांना विचारत विचारत. रस्ता डायरीत लिहिलेला. पूल ओलांडा, मग डावीकडे, मग टेकडीच्या कडेनं. कधी कधी तो पत्ताच धड नसायचा आणि आपण अर्धा तास भलत्याच दरीत. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर खूण आली आणि तेव्हापासून खेळणाऱ्याची नजर त्या खुणेवरच खिळली. इथपर्यंत तुमचं शंभर टक्के बरोबर. त्याच 'ऑब्लिव्हियन'मध्ये आपली लेव्हल वाढली की साधे वाटमारेसुद्धा काचेचं चिलखत घालून आडवे यायचे आणि शंभर नाणी मागायचे. अरे बाबा, ते चिलखत विक ना! मलाही तेव्हा तुमच्याइतकाच राग आला होता.

पण 'मॉरोविंड'ची दुसरी बाजू तुम्ही सोयीनं विसरलात. सुरुवातीला हातात खंजीर, समोर खेकडा, खंजीर खेकड्याच्या अंगातून आरपार जाताना दिसतोय आणि तरी वार फुकट. कारण आत फासे पडत होते. त्यात धावत धावत गेलात तर थकवा वाढलेला, म्हणजे वार लागण्याची शक्यता आणखी कमी. हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांचे होतो, उन्हाळ्याच्या सुट्या होत्या, खेकड्याकडून मरायलाही वेळ होता. आज शनिवारी रात्री साडेदहाला, भांडी आवरून, मुलीचं दप्तर बघून तुम्ही बसता आणि खेकडा तुम्हाला तीनदा मारतो, तर तुम्ही त्याला गेमची 'खोली' म्हणाल का? मी तरी मशीन बंद करून झोपेन.

आणि २००५ नंतर काहीच झालं नाही हे तर मी मान्यच करणार नाही. २०१९ चा 'डिस्को एलिझियम' बघा. लढाई जवळजवळ नाहीच. चोवीस कौशल्यं आहेत आणि ती सगळी नायकाच्या डोक्यात बोलतात, एकमेकांचं खोडून काढतात, कधी सरळ खोटं सांगतात. सुरुवातीलाच पंख्यावर लटकलेला टाय ओढायचा असतो. तब्येत कमी ठेवून पात्र बनवलंत तर तो टाय ओढताना हृदयविकारानं गेम संपतो. गेम सुरू होऊन पाच मिनिटंही झालेली नसतात. पहिल्या 'फॉलआउट'मध्ये बुद्धी कमी ठेवली की पात्र तोतरं-बोबडं बोलायचं आणि आपण हसून लोळायचो, त्याच जातीचा हा विनोद. बाणच नको असेल तर 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'चा हार्डकोअर मोड आहे. त्यात नकाशावर आपण कुठे उभे आहोत हेसुद्धा दिसत नाही, सूर्य आणि पाट्या बघत जायचं. 'डिस्को एलिझियम' आणि 'किंगडम कम' दोन्ही २००५ नंतरचेच. आणि तुम्ही अर्ध्यात सोडलेला 'बाल्डर्स गेट ३' २०२३ चा. त्याच्या पहिल्या दोन अंकांबद्दल तुमच्या पत्रात तक्रारीचा शब्द नाही. उलट एका जागी तुम्ही लिहिलंय, "गॉब्लिनांच्या छावणीत मी एकही तलवार न काढता बाहेर पडलो, रात्रभर झोप लागली नाही." ही ओळ चकचकाटाला कंटाळलेल्या माणसाची वाटत नाही.

म्हणजे गेम वाईट झाले, हे कारण जरा बाजूला ठेवू. मशीन जुनं झालं, हे कारण तपासू.

तिसऱ्या अंकात गेम का अडकला? तुम्ही गृहीत धरलं की ग्राफिक्स कार्ड दमलं. मला तसं वाटत नाही. त्या गेमची किमान गरज जीटीएक्स ९७० एवढीच आहे आणि तुमचं १०६० त्याच्या तोडीचं आहे. तिसऱ्या अंकात शहर येतं, शेकडो माणसं रस्त्यावर फिरतात, प्रत्येकाचा हिशेब चालू असतो आणि तो हिशेब प्रोसेसर करतो. तुमच्या आय५-६५०० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. वर गेम हार्ड डिस्कवर, जेव्हा तो बनवणारेच एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, लागेल म्हणून सांगतात. शहरात वळणावर वळलं की अर्धा सेकंद थांबायचं ना? ती डिस्क धापा टाकत होती.

खात्री करून घेणं सोपं आहे. गेम त्याच शहरात उभा करा, टास्क मॅनेजर उघडून कार्डाचा वापर बघा. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर आरामात बसलंय आणि तरी चित्र अडकतंय, तर दोष कार्डाचा नाही. अजून शंका असेल तर रिझोल्यूशन एकदम खाली उतरवा. चित्र ओबडधोबड झालं पण अडकणं तसंच राहिलं, तर प्रकरण मिटलं. कार्ड घ्यायला निघालेल्या प्रत्येकानं हे दहा मिनिटांचं काम आधी करावं. दुकानदार तुम्हाला हे करायला सांगणार नाही, त्याचंही बरोबर आहे, तो कार्ड विकायला बसलाय.

आता कोटेशनमधली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट: "मॉनिटर सध्या जुनाच ठेवणार." दादा, तुमचा २२ इंची पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. ५०७० टीआय हे १६ जीबीचं, ३०० वॅट ओढणारं कार्ड आहे, मोठ्या पडद्यांसाठी बनवलेलं. त्याला या पडद्याला जोडणं म्हणजे पाहुण्यांसाठी सावजीचं मटण करून चहाच्या बशीत वाढणं. आणि आरपीजी, त्यातही पाळीपाळीनं चालणारे, यांना वेगाचं फारसं वेडच नाही. शत्रूची पाळी संपेपर्यंत आपण गालावर हात ठेवूनच बसलेले असतो.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? रॅम हातची सोडली नसती. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. तुमच्याकडची १६ जीबी डीडीआर४ आज जपून ठेवण्याची वस्तू आहे. नवं मशीन घेतलंत तर डीडीआर५ घ्यावी लागेल आणि ती नेमकी महागाईत. त्याऐवजी डीडीआर४ चालणारा एएम४ मदरबोर्ड आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर, म्हणजे सहा कोअर, बारा थ्रेड. सोबत एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. माझ्या अंदाजानं हे सगळं तुमच्या कोटेशनच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास बसावं. भाव रोज हलताहेत, तेव्हा दोन-तीन दुकानांत तोंडानं विचारू नका, कागदावर लिहून घ्या. आणखी एक फायदा: तुमचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे बोर्ड-प्रोसेसर तसाही बदलायला आलाच होता.

कार्ड थोडे दिवस तेच राहू द्या. त्याचे दिवस भरत आलेत, हे खरं. एनव्हिडियानं त्या पिढीला नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं २०२५ च्या ऑक्टोबरपासून थांबवलंय, सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२८ पर्यंत येत राहतील. काही नवे गेम तर रे ट्रेसिंग (प्रकाशाचा हुबेहूब हिशेब करण्याची सोय) नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाहीत. पण तुमच्या यादीतले नऊ गेम मी बघितले. एक सोडला तर सगळे १०६० वर चालतात, सेटिंग थोडी उतरवून. ते पुरे होईपर्यंत तुमची पुढची तीन-चार वर्षं जातील आणि तोवर आजचं ५०७० टीआय कुठल्या भावाला आलं असेल, तुम्हीच बघा.

ज्या वाचकांना बोर्ड न बदलता फक्त कार्डच बदलायचंय, त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट. आरटीएक्स ४०६०, ५०६० किंवा आरएक्स ६६०० ही कार्डं सोळाऐवजी आठच लेन, म्हणजे बोर्डाशी जोडणाऱ्या वाटा, वापरतात. नव्या बोर्डावर काही बिघडत नाही, पण २०१६ च्या जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० बोर्डावर त्यांची वाट निम्मी होते आणि कार्डाची मेमरी भरली की अडखळणं जाणवतं. अशा बोर्डाला वापरलेलं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० जास्त मानवतं, ते सोळाही लेन घेतं. फक्त ते कोणाकडून येतंय ते बघा. २०२१ मध्ये असंख्य कार्डं रात्रंदिवस क्रिप्टो खणायला जुंपली होती. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो चलनानं ती पद्धतच सोडली आणि त्यातली बरीच बाजारात आली. खणणारं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे झिजलेले असतात. विकणाऱ्याच्या घरी जा, त्याच्याच मशीनवर अर्धा तास गेम चालवा, पंख्याचा आवाज कान लावून ऐका. बिल असेल तर सोन्याहून पिवळं. पार्किंगमध्ये भेटून डब्यातलं कार्ड देणाऱ्याला रामराम करावा.

आता ज्या विषयावर पुण्या-मुंबईचे व्हिडिओवाले कधीच बोलत नाहीत तो. आपलं ऊन.

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरनं ४७.९ अंश बघितलेत. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले होते, नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण त्या दिवशी गच्चीवर वाळवण घालायला गेलेल्या बायकांना विचारा, त्यांना तो आकडा पटला होता.) खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की कार्डाचंही साधारण तेवढंच वाढतं, त्यात कुठलाही पंखा जादू करत नाही. तुमचं १०६० त्र्याऐंशी अंशांच्या पुढे गेलं की स्वतःचा वेग उतरवतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रविवारी दुपारी दोनला, दहा बाय दहाच्या खोलीत, वर स्लॅब तापलेला, तिथे गेम अडकला तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि त्या खोलीत तुम्ही ३०० वॅटचं कार्ड आणताय. प्रोसेसर वगैरे धरून चार-साडेचारशे वॅट, आणि ते सगळं शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहणार. वीजबिलाची काळजी करू नका, आठवड्याला चार तास म्हणजे फार तर दोन युनिट. प्रश्न घामाचा आहे.

कूलर लावून बसता का? मग कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका. ताट्या ओल्या असतात, हवा दमट असते, आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. माझ्या एका जुन्या मशीनच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर), एप्रिल ते जून कूलरसमोर राहिल्यावर, पांढरी साय धरली होती. बोटानं खरवडली तर नखात चुना. त्यावर धूळ बसली की तिचा लेप होतो, फुंकरीनं जात नाही. कॅबिनेट बाजूला, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवर न ठेवता पाटावर. दिवाळीत आणि होळीनंतर ब्लोअर मारा. पंखा एका बोटानं धरून मारा, नाहीतर तो उलटा भन्नाट फिरून बेअरिंग जातं. आणि तुमच्या कार्डाची थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकच्या मधला लेप) २०१६ ची आहे, एव्हाना ती पापडासारखी वाळलेली असणार. पाच-सहाशे रुपयांत बदलून घ्या. कदाचित तुमच्या मे महिन्यातल्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, मात्र मी कडक बोलणार आहे. तुमच्या कोटेशनमध्ये कार्डापुढे मॉडेल लिहिलंय, प्रोसेसरपुढे लिहिलंय आणि एसएमपीएसपुढे नुसतं "७५० वॅट". कुठला? २०११ मध्ये मी एका दुकानातून कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस आनंदानं घरी आणला होता. वर ५०० वॅटचं झगझगीत स्टिकर. उचलला तर हलका, रिकाम्या डब्यासारखा; तेव्हा मला कळायला हवं होतं. पहिल्या पावसात लाइट दोनदा गेली-आली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास. तो एकटा गेला नाही, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, "ताई, फुकटच्या मालावर वॉरंटी कशी असेल?" बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून मी आधी एसएमपीएस ठरवते, मग बाकीचं. चांगल्या कंपनीचा, ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेला, हातात घेतल्यावर वजन जाणवणारा.

आणि अर्थिंग. मनीषनगरात इमारती नव्या आहेत, तुमच्याकडे बहुधा ठीक असेल, पण महाल-इतवारीतल्या जुन्या घरांतल्या वाचकांनी आज रात्री एक करावं: मशीन चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावावा. दिवा लुकलुकला किंवा अनवाणी पायानं हात लावताना झिणझिण्या आल्या, तर पावणेदोन लाख सोडा, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता वहिनींचा प्रश्न. "खेळता कधी?" हा तुम्ही टोमणा म्हणून लिहिलाय. मला तो साधा प्रश्न वाटला आणि तुमच्या पत्रात त्याचं उत्तर आहे: आठवड्याला चार तास. अठरा महिन्यांत सुमारे ७८ आठवडे, म्हणजे ३१२ तास. १,७६,५०० भागिले ३१२. तासाला साडेपाचशेच्या वर, व्याज वेगळं. तुम्ही म्हणाल, मशीन आठ वर्षं चालेल, मग तासाला शंभर-सव्वाशेच पडतात. खरंय. पण हप्ता दर महिन्याला पहिल्या हिशेबानं जाणार आणि त्या अठरा महिन्यांत प्रत्येक न खेळलेला रविवार तुम्हाला बोचणार. शौकाला हप्ते लावले की तो शौक कामासारखा वाटायला लागतो, हे मी कॅमेऱ्याच्या बाबतीत भोगलंय. शौकावर खर्चच करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. माणूस चाळीशीला येतो, नोकरी करतो, घर चालवतो, त्यानं स्वतःसाठी तीस-चाळीस हजार खर्च केले तर आभाळ कोसळत नाही. रोख असतील तेवढेच करा, आणि वहिनींना आकडा आधी सांगा, कुरिअरवाला दारात आल्यावर नको.

पण चार तास हे चार तासच. 'बाल्डर्स गेट ३' सावकाश खेळायला ८० ते १०० तास सहज लागतात, म्हणजे तुमच्या हिशेबानं पाच-सहा महिने. तुम्ही तो सोडलात त्यानंतर महिन्याभरात दुसरा घेतला, मग तिसरा. नऊ गेम म्हणजे तुमची चार-साडेचार वर्षं, दादा. एकही पुरा होत नाही यात नवल काय? सेलमध्ये गेम घेताना आपण खरं तर मोकळा वेळ विकत घेतल्याचं समाधान घेत असतो. एक वर्ष काही घेऊ नका. अगदीच राहवलं नाही तर स्टीमवर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. तुमच्या शनिवारच्या एका बैठकीत तो निकाल लागतो. आठ गेम अनइन्स्टॉल करा, एक ठेवा. आणि दर वेळी उठताना वहीत दोन ओळी लिहा: कुठे आहे, कशासाठी निघालो होतो. आठवड्यानं परत बसल्यावर पहिला अर्धा तास 'मी इथे काय करत होतो' यात जातो, तोच आपल्याला गेम सोडायला लावतो.

वही म्हटल्यावर तुमच्या भावाची आठवण झाली. पूर्ण पत्रात तुम्ही गेमांबद्दल लिहिता, कार्डाबद्दल लिहिता, आणि मध्येच अर्धं पान त्याच्या वहीबद्दल. हिरव्या शाईत विहिरी, लाल शाईत राक्षस, आणि तुम्ही माउस सोडत नव्हतात म्हणून त्यानं एकदा भांडून काढलेला चुकीचा नकाशा. 'बाल्डर्स गेट'च्या पाच सीडी बदलताना कोणाच्या हातची ओरखडली, यावरून झालेली मारामारी. मी वाचताना मोठ्यानं हसले. मला शंका आहे की २००५ नंतर जे संपलं असं तुम्हाला वाटतं, ते साधारण त्याच सुमारास कॉलेजला म्हणून पुण्याला गेलं. तारखा तुम्हीच ताडून बघा.

'बाल्डर्स गेट ३' चार जणांना ऑनलाइन मिळून खेळता येतो. भावाकडे कामाचा लॅपटॉप असेल तर तो बहुधा पुरणार नाही, पण बऱ्यापैकी ग्राफिक्सवाला असेल तर खालच्या सेटिंगवर चालेल. गेम मात्र दोघांनाही वेगवेगळा घ्यावा लागेल. नवा डाव सुरू करा, तुमचा अडकलेला सेव्ह आहे तिथे राहू द्या. वेळ ठरवून घ्या, रविवारी दोन ते चार, त्याच्या बायकोलाही आधी सांगून. तो नाही म्हणू शकतो. त्याला आता गेमांचा कंटाळा असेल, त्याचे रविवार वेगळे असतील. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, नुसता नकाशा काढशील का म्हणून विचारा. मुलीलाही विचारून बघा, पण या गेममध्ये नको, तो मोठ्यांसाठीचा आहे. तिला शेजारी बसवून 'मॉरोविंड' दाखवा. बाण नाही म्हटल्यावर ती काय म्हणते ते मला कळवा.

शेवटचं, जुन्या मशीनचं. प्रोसेसर-बोर्ड बदललंत की जुना बोर्ड हातात उरेल. त्याला विकून फार काही मिळणार नाही. स्वस्तातली रॅमची पट्टी आणि जुना डबा मिळाला तर त्यावर लिनक्स टाकून जुन्या गेमांचं मशीन करा. 'मॉरोविंड'साठी ओपनएमडब्ल्यू नावाचं मुक्त इंजिन आहे, ते साध्या मशीनवरही छान पळतं, फक्त मूळ गेमच्या फायली तुमच्याकडे हव्यात. विकायचंच ठरवलंत तर हार्ड डिस्क मात्र देऊ नका. सी ड्राइव्हमधलं डॉक्युमेंट्स, माय गेम्स आणि ॲपडेटा ही तीन फोल्डरं उघडा. जुन्या मशीनवरून या मशीनवर आणताना तुम्ही तेव्हा सगळं एकगठ्ठा कॉपी केलं असणार, सगळेच करतात. आत भावाच्या नावाचे सेव्ह सापडतील. ते पेन ड्राइव्हवर घ्या, दोन पेन ड्राइव्हवर, आणि मगच डिस्क काढा.